धाकल्या घरचं बोलावणं

रविवारची उपासना आटोपली आणि साळव्यांच्या थोरल्या घरातली माणसं ट्रॉलीत बसून शेताकडे निघाली, तेव्हा नीमानं मनाशी पक्कं केलं होतं. नाताळ होऊ द्यायचा आणि मग पाळकसाहेबांना सांगायचं, मला दुसरीकडे पाठवा, नाहीतर सरळ माझ्या घरी पाठवा. इथं माझ्याकडून काही होत नाही.

ती आली होती पार टांझानियातून, दोडोमाजवळच्या एका कोरड्या खेड्यातून. तिकडच्या ख्रिस्ती मंडळीनं तिला दोन वर्षांसाठी पाठवलं होतं. मुलींच्या वसतिगृहात शिकवायचं आणि मंडळीतलं गाणं पुन्हा उभं करायचं, एवढंच काम. पण वैरागपासून आतल्या या गव्हाणवाडीत मिशनरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वेगळंच चित्र यायचं. त्यांच्या पणज्यांनी सांगितलेली घोड्यावरची गोरी मडम त्यांच्या मनात अजून तशीच बसलेली होती. नीमा एसटीतून उतरली तेव्हा हार घेऊन उभी असलेली माणसं तिच्या मागून कोण उतरतंय ते बघत राहिली. हार शेवटी तिच्या गळ्यात पडला, पण वच्छलाबाईंनी तो घालताना एकदा तिच्याकडे आणि एकदा रिकाम्या एसटीकडे बघितलं, ते नीमाला विसरता येत नव्हतं.

वच्छलाबाई म्हणजे थोरल्या घराच्या कर्त्या. मिशनच्या दवाखान्यात उभी हयात सिस्टर म्हणून काढलेली. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्माला आलेली. नीमाची राहण्याची सोय त्यांच्याकडेच होती. जेवायला त्या भरपूर घालायच्या, आजारी पडली तर काढा करून द्यायच्या, पण बोलायच्या मोजकं. नीमा मराठी पुण्यात एका निवृत्त मास्तरांकडून शिकली होती. 'कृपया मला पाणी मिळेल का' असं ती म्हणाली की वसतिगृहातल्या मुली ओढणीत तोंड लपवून हसायच्या, आणि वच्छलाबाई सुनेला म्हणायच्या, "रेश्मा, बातम्या लागल्या बघ."

गाण्याचं तर त्याहून अवघड झालं होतं. मंडळीत गाणारी माणसं म्हणजे साळवेच. गावात साळव्यांची दोन घरं. थोरलं वच्छलाबाईंचं आणि धाकलं त्यांचे दीर योहान साळव्यांचं. पूर्वी वच्छलाबाई गायच्या आणि योहान पेटीवर बसायचे, तेव्हा शेजारच्या वाडीतली माणसं नुसती ऐकायला यायची म्हणतात. आता दोन्ही घरं मिशनच्या देवळात दोन बाजूंना बसत होती. नीमानं सरावाला बोलावलं की एका दिवशी हे यायचे, दुसऱ्या दिवशी ते. कारण विचारलं की सगळेच विषय बदलायचे. आपल्याच बोलण्यात काही खोट आहे, असं ती धरून चालली होती.

ट्रॉली बांधावर थांबली. समोर शाळू उभा होता, कणसं दुधानं भरून मान टाकायला लागलेली. नीमा खाली उतरली आणि बऱ्याच दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. हेच पीक तिच्या गावी होतं. लहानपणी ती आणि तिची बहीण दिवसभर शेतात मातीचे गोळे घेऊन पाखरं हाकत बसायच्या. रेश्मानं तिच्या हातात कोवळं कणीस ठेवलं आणि कसं चोळायचं ते दाखवायला लागली, तर नीमानं तोवर तळहातावर दाणे मोकळे करून फुंकरही मारली होती. रेश्मा म्हणाली, तुला येतंय की. नीमा म्हणाली, होय, हे येतं.

लिंबाखाली आगटी पेटली होती. रेश्माच्या नवऱ्यानं गोवऱ्या रचल्या होत्या. शेंगांची चटणी, गूळ, जवसाची चटणी असं सगळं सतरंजीवर मांडून झालं होतं. वच्छलाबाईंचा धाकटा मुलगा अभिमन्यू सोलापूरहून सकाळीच आला होता, बरोबर बायको ऋतुजा आणि वर्षाचं बाळ. ऋतुजा अक्कलकोटकडची, लिंगायत घरातली. घाईत बोलताना मधेच कानडी शब्द टाकायची. नीमाला ती आवडली होती. परक्या घरात कसं बसावं हे तिलाही अजून कळलेलं नाही, असं तिच्याकडे बघून वाटायचं.

हुरड्याचा पहिला घाणा निघाला आणि त्याच वेळी बांधावरून चार माणसं येताना दिसली. पुढे योहान साळवे, धुतलेल्या सदऱ्यात, टोपी नीट बसवलेली. मागे त्यांची बायको एस्तेर, तिच्या डोक्यावर दह्याचं मडकं. मागे त्यांचा मुलगा आणि सून. नीमाला इतका आनंद झाला की ती उठून उभीच राहिली. तिनं बोलावलं होतं आणि ते आले होते. गावात आल्यापासून तिनं केलेलं एकतरी काम सरळ झालं होतं.

मग तिनं मागे वळून बघितलं. रेश्माचे हात कणसावर थांबले होते. अभिमन्यू उठला आणि विहिरीकडे चालता झाला. ऋतुजानं बाळाला जवळ ओढलं. आणि वच्छलाबाई सतरंजीवरून सावकाश उठत होत्या, गुडघ्यावर हात टेकून, नजर बांधावरच्या माणसावर.

योहान आगटीपासून थोडं अंतर ठेवून थांबले.

"सलाम, वहिनी," ते म्हणाले. "तुमचं बोलावणं आलं. म्हनून आलो."

रेश्मानं नीमाचा दंड धरून तिला लिंबाच्या बुंध्यामागे ओढलं. कुणी बोलावलं यांना, तिनं दबक्या आवाजात विचारलं. नीमा गोंधळून म्हणाली, मीच. शुक्रवारी आईंनीच सांगितलं होतं, धाकल्याला सांग, रविवारी बायकापोरांना घेऊन हुरड्याला यायचं. म्हणून मी धाकल्या घरी गेले.

"अगं माझे बाई," रेश्मा म्हणाली. "धाकला म्हंजे अभिमन्यू. धाकला लेक. तुझ्याकडं त्याचा नंबर हाय म्हनून तुला फोन करायला सांगितलं त्यांनी. बरं झालं, मीबी त्याला फोन केला हुता, म्हनून तो आला. ही दोन घरं एकमेकांशी बोलत न्हाईत, तुला कुनीच सांगितलं न्हाय व्हय?"

नाही, कुणीच सांगितलं नव्हतं. आता रेश्मानं सांगितलं, भराभर, एक डोळा आगटीकडे ठेवून. अभिमन्यूनं ऋतुजाशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा योहानकाका मंडळीचे वडील होते, म्हणजे मंडळीच्या पंचांत त्यांचा शब्द चालायचा. मंडळीबाहेरची मुलगी, लग्न देवळात नाही तर सोलापूरला नोंदणी करून. काकांनी भरसभेत सांगितलं की या लग्नाला माझ्या घरातलं कुणी जाणार नाही. अभिमन्यूचे वडील तेव्हा नुकतेच गेले होते. सगळ्यांनी काकांकडे वडिलांच्या जागी बघितलं होतं. लग्नात मुलाच्या बाजूनं वडीलधारं म्हणून वच्छलाबाई एकट्या उभ्या राहिल्या. त्या दिवसापासून त्या दिराशी एक शब्द बोललेल्या नाहीत.

दोन घरांचं भांडण तिनं तिच्या पुस्तकी मराठीत आणून आगटीपाशी उभं केलं होतं. तिला शुक्रवारचं धाकलं घर आठवलं. आपण योहानांच्या उंबऱ्यात उभं राहून म्हणालो होतो, 'वच्छलाबाईंनी आपणांस सहकुटुंब हुरड्यासाठी निमंत्रित केले आहे.' आतून एस्तेर बाहेर आली होती आणि डोळ्याला पदर लावून तशीच परत आत गेली होती. त्यावेळी नीमाला वाटलं होतं, चुलीचा धूर असेल.

खोटं बोलून चालणार नव्हतं. तिला ते जमलंही नसतं. ती बुंध्यामागून बाहेर आली, सतरंजीच्या कडेला उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "मला एक गोष्ट सांगायची आहे. माझ्याकडून मोठी चूक झाली आहे. मी..."

"निमा, खाली बस," वच्छलाबाई म्हणाल्या.

"पण आई, मी धाकल्या..."

"खाली बस म्हनते न्हवं. हुरडा गार होतोय." त्यांचा आवाज दवाखान्यातला होता, बाळंतिणीला गप्प करणारा. मग त्या दिराकडे वळल्या. "मीच बोलावलंय. उभं का राहिलाय, भाऊजी? एस्तेर, मडकं उतरव खाली, मान मोडंल."

माणसं बसली, पण सतरंजीच्या मधोमध बरीच जागा मोकळी सुटली. एका बाजूला थोरलं घर, दुसऱ्या बाजूला धाकलं, जसं देवळात तसंच इथं. रेश्माच्या नवऱ्यानं दुसरा घाणा लावला, त्यातली दोनचार कणसं करपली. तेव्हा योहान उठले, बाह्या सारल्या आणि न विचारता आगटीपाशी जाऊन बसले. राख एका बाजूला ओढली, निखारा पसरला आणि कणसं ओळीनं लावली. सर जरा, ते पुतण्याला एवढंच म्हणाले. पुतण्या सरकला. पूर्वी आगटी योहानच लावायचे, हे नीमाला नंतर कळलं. थोरला भाऊ गप्पा मारायचा आणि धाकटा कणसं भाजायचा.

तो घाणा मऊ निघाला, वाफेचा, कुठं कच्चा नाही कुठं करपलेला नाही. एस्तेरनं वाटीत हुरडा घेतला, त्यावर दही घातलं आणि वाटी घेऊन ती मधली मोकळी जागा ओलांडून ऋतुजापुढं गेली. ऋतुजानं वाटी घेतली. एस्तेर तिथंच टेकली. बाळाच्या पायाला हात लावला आणि हळूच विचारलं, नाव काय ठेवलं?

प्रश्न साधा होता, पण सगळ्यांचे कान तिकडे लागले. नीमानं बघितलं, वच्छलाबाई मान खाली घालून गुळाचा खडा फोडत होत्या. बारशालाही धाकल्या घराला बोलावणं गेलं नसणार, हे तिच्या ध्यानात आलं.

ऋतुजानं विहिरीकडे बघितलं. नवरा पाठमोरा कठड्यावर बसला होता. मग तिनं बाळाला कडेवर घेतलं, उठली आणि चालत आगटीपाशी गेली. योहानांनी वर बघितलं. ती उभी होती, ते खाली बसलेले, हात कोपरापर्यंत राखेनं माखलेले.

"काका, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल," ऋतुजा म्हणाली. तिची नजर सरळ होती. "नाव मी ठेवलंय. माझ्या माहेरी म्हणाले, आजोबांचं ठेव, गुरुबसप्पा. मी म्हटलं, ते दुसऱ्याला ठेवू. याचं नाव शलमोन."

शलमोन साळवे म्हणजे वच्छलाबाईंचा नवरा. योहानांचा थोरला भाऊ.

हातातली काडी त्यांनी खाली ठेवली. मग सदऱ्याच्या पुढच्या बाजूला, त्या पांढऱ्याशुभ्र धुतलेल्या सदऱ्याला, दोन्ही हात पुसले. राखेचे पंजे उमटले. एरवी सदऱ्यावरून एस्तेरनं त्यांना फैलावर घेतलं असतं. त्यांनी हात पुढे केले आणि ऋतुजानं बाळ त्यांच्या हातात दिलं. बाळानं त्यांची टोपी ओढली.

"काय, दादा," योहान बाळाला म्हणाले. "कवा आलास?"

उभ्या जन्मात भावाला त्यांनी दादाच म्हटलं होतं. वच्छलाबाईंच्या हातातला गूळ तसाच राहिला. मग त्या तोंडावर पदर घेऊन रडल्या. त्या रडत असताना एस्तेर हसत होती, आणि रेश्मा एकदम दोन्ही करत होती. नीमाला या माणसांचं सगळं बोलणं अजून समजत नव्हतं, पण हे समजलं. तिच्या गावीही आजोबाचं नाव ठेवलेल्या मुलाला सगळे आजोबा म्हणतात आणि त्याच्याशी जपून बोलतात.

योहानांनी विहिरीकडे तोंड करून हाक मारली. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि त्यांनी ती मागितलीही नाही.

"अभ्या, लेकाचं नाक वाहतंय. सावलीत कशाला बसवलंय त्याला? उनात घे की जरा."

अभिमन्यू कठड्यावरून उठला. येताना तो दोनदा थांबला, असं नीमाला वाटलं. जवळ आला तेव्हा त्याचा चेहरा रागीटच होता. सर्दी आम्हालाही दिसते काका, तो म्हणाला, औषध चालू आहे. योहान म्हणाले, काय औषध, आणि ओवा शेकलाय का छातीवर? अभिमन्यू म्हणाला, डॉक्टरनं सांगितलं नाही. मग वच्छलाबाई डोळे पुसत मधे पडल्या, चाळीस वर्षं दवाखान्यात गेली माझी, ओव्याचं मला विचारा. तिघंही एकदम बोलायला लागले. ऋतुजा नीमाकडे बघून हसली. भांडण सुरू झालं होतं, पण हे घरातलं भांडण होतं, आणि त्यात सतरंजीवरची मधली जागा कधी भरून गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

ऊन कलायला लागलं तसं खाणं सैल झालं आणि गप्पा वाढल्या. रेश्मानं सगळ्यांना सांगून टाकलं की निमाताईच्या गावी पण ज्वारी असते. मग प्रश्नांची झोड उठली. भाकरी करता का? नाही, घट्ट घाटा करतो, हातानं गोळा करून खातो. गूळ? नाही. चटणी? पालेभाजी. पाखरं? पुष्कळ, ढगासारखी येतात. योहानांच्या सुनेनं विचारलं, लग्नात तुमच्याकडं वाजंत्री असते का, आणि नीमानं सांगितलं, बायका आवाज काढतात. कसला आवाज? आता कसं सांगणार. ती उभी राहिली, ओठांपाशी हात धरला आणि जीभ हलवत तो लांबलचक, उंच, थरथरता आवाज काढला, जो तिच्या आईनं तिला निरोप देताना विमानतळाच्या दारात काढला होता.

शाळवातली पाखरं एकदम उठली. वच्छलाबाई दचकून मागे झाल्या. मग म्हणाल्या, परत काढ. नीमानं परत काढला. तिसऱ्या वेळी एस्तेर आणि रेश्मा प्रयत्न करत होत्या आणि चौथ्या वेळी वच्छलाबाई. त्यांचा आवाज पहिल्यांदा खोकल्यात गेला आणि दुसऱ्यांदा असा चढला की बाळ टाळ्या वाजवायला लागलं. गळा अजून तसाच हाय वहिनी, योहान म्हणाले. वच्छलाबाईंनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पाणी प्यायल्या, आणि बसल्या जागी जुनं नाताळगीत धरलं. ओवीच्या चालीचं, या भागातच रचलेलं, नीमानं कधी न ऐकलेलं. दुसऱ्या ओळीला योहान खालच्या पट्टीत मिसळले. पेटी नव्हती, ते मडक्यावर बोटं वाजवत होते. मग बाकीचे आले. नीमा महिनोन्महिने ज्याच्यामागे धावत होती ते गाणं तिच्यासमोर आपोआप उभं राहत होतं, आणि तिला काही करायचं नव्हतं. शब्द येत नव्हते म्हणून ती नुसता सूर धरून त्यांच्यात शिरली.

परतताना ट्रॉलीत माणसं मावेनात. म्हाताऱ्यांना आणि बाळाला बसवून बाकीचे चालत निघाले. योहान मात्र ट्रॉलीत बसायला तयार होईनात. ते नीमाबरोबर चालत राहिले. सोमवारी पेटी साफ करून ठेवतो म्हणाले, सरावाला सगळे येतील. नीमानं मान हलवली. तिला बोलायचंच होतं. काका, ती म्हणाली, मला आपल्याला खरं सांगितलं पाहिजे. शुक्रवारी जे बोलावणं...

"मला ठाव हाय," योहान म्हणाले.

नीमा थांबली. तेही थांबले.

"आमच्या वहिनीनं जन्मात कुनाला 'आपणांस' म्हटलं न्हाय. आनि तिनं मला बोलावलं असतं तर स्वतः दारात येऊन शिव्या घातल्या असत्या पयल्यांदा. तू बोलायला लागलीस तवाच कळलं, पोरगी घर चुकली." ते सदऱ्यावरचे राखेचे डाग झटकायला लागले, ते निघत नव्हते. "रातभर इचार केला, जावं का न जावं. एस्तेर म्हनली, चुकून का हुईना, दार उघडलंय. पुन्यांदा कोन चुकनार हाय आपल्यासाठी? पन वहिनीला सांगू नको. तिला वाटू दे, मी खरं समजून आलो."

घरी पोचल्यावर रेश्मानं चहा टाकला. वच्छलाबाई ओट्याशी बसून उरलेला हुरडा धाकल्या घरी द्यायला डब्यात भरत होत्या. नीमा आत आली तसं त्यांनी तिला शेजारी बसवलं. उद्यापासून रोज माझ्यापाशी बसायचं, त्या म्हणाल्या, नाती शिकायची. दीर, नणंद, जाऊ, भाचा, सगळी. परत असं घर चुकलीस तर मी कुटं कुटं म्हनू, मीच बोलावलंय म्हनून? नीमानं मान खाली घातली. वच्छलाबाईंनी डब्याचं झाकण लावलं, ते एकदा दाबून बघितलं, आणि दाराकडे नजर टाकून आवाज उतरवला.

"आनि हे बघ निमा, भाऊजीला यातलं काय बोलू नको. त्याला खरंच वाटतंय, मी बोलावलं. वाटू दे. म्हाताऱ्याचा मान राहतोय."

नीमाला हसू आवरेना. तिनं ओठ घट्ट मिटले, तरी ते फुटलंच, आणि फुटलं ते असं की रेश्मा चहा सोडून बघायला आली. वच्छलाबाई आधी रागावल्या, मग त्यांनाही कारण न कळता हसू यायला लागलं. काय झालं सांग की, त्या सारख्या विचारत होत्या.

"काय न्हाय, आई," नीमा डोळे पुसत म्हणाली. "डबा द्या इकडं. मी देऊन येते."